हाडांच्या वॅगनमधली पेटी

"माझी पेटी गेली ना कलकत्त्याला?" प्राध्यापकांनी विचारलं आणि मी घाईघाईने पावतीपुस्तक उघडलं.

तेव्हा मी गोंदियाच्या मालधक्क्यावर गुड्स क्लार्क होतो. म्हणजे आलेला माल कोणत्या वर्गातला हे ठरवून पावती फाडणारा माणूस. तांदूळ, लाख, हाडे, दगड, सगळ्यांचे वर्ग छापील पुस्तकात असत. वर्ग लिहिल्याशिवाय सुतळीचा तोडाही हलत नसे.

त्या दिवशी सकाळी मंगरूने देवरीकडून बैलगाडीत ती पेटी आणली होती. मंगरू जंगलखात्यात मजूर. नाल्याच्या काठी उकरायला, प्राचीन प्राण्यांचे अवशेष शोधणाऱ्या या प्राध्यापकांनी त्यालाच नेलं होतं. चिठ्ठीवर प्राध्यापकांनी लिहिलं होतं, 'प्राचीन हाडे'. मंगरू म्हणाला, "बाबू, हाडकं येवढे जड रायते का?" मला घाई होती. मी 'हाडे' लिहिलं. हमालांनी पत्ता न पाहता पेटी हाडांच्या वॅगनमध्ये टाकली.

"ती वॅगन जाते कुठे?" मी हे सांगताच प्राध्यापकांनी विचारलं.

"गिरणीत. तिथे हाडं दळून खत करतात."

प्राध्यापक मटकन बाकावर बसले. "अहो, लाखो वर्षांपूर्वीचा मुंग्याखाऊ आहे तो! आम्हाला मिळालेला एकुलता एक. आपल्या खवल्या मांजराचा भाऊबंद, की भलत्याच कुळातला, यावर माझी नुसती चित्रं पाहूनच पंडित एकमेकांचे केस उपटताहेत. दळला तर भांडायलाही काही उरणार नाही!"

आम्ही तिघेही यार्डाकडे धावलो. इंजिन लागलं होतं. गार्डने हिरवा झेंडा काढला. मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"बाबूजी, नौकरी प्यारी नहीं क्या?"

"पाच मिनट, भाई," मी हात जोडले.

मंगरू वॅगनमध्ये चढला. वर पोत्यांचा ढीग आणि वास तर असा की नको रे बाबा. पण पेटी त्याने स्वतः माहुलीच्या वेलीने बांधली होती. त्या वेलीवरून त्याने ती बरोब्बर शोधली. प्राध्यापकांनी त्याला मिठीच मारली, वासासकट.

आता नवी पावती. 'हाडे' लिहिलं तर पुन्हा गिरणी. 'प्राणी' लिहिलं तर स्टेशनमास्तर विचारणार, चारापाणी कोण करणार?

"तुम्हीच वर्ग सांगा," मी म्हणालो.

"वर्गाचाच तर वाद आहे!" प्राध्यापक उखडले.

"काऊन भांडून रायले?" मंगरू म्हणाला. "सकाळीच सांगतलो ना मी. उचलून पाहा. दगड व्हय तो."

प्राध्यापक पोट धरून हसले. "खरंय की! इतक्या काळात हाडांचा दगडच झालाय!"

मी लिहिलं: दगड. नाजूक. पेटी त्याच संध्याकाळी सुखरूप निघाली.

पुढे प्राध्यापकांचं पत्र आलं. पंडितांनी मुंग्याखाऊला तीन कुळांत बसवून तिन्हींतून उठवलं होतं. वाद चालूच. आमच्या रजिस्टरात मात्र तो दगडच राहिला, आणि त्यावर कुणाची तक्रार आली नाही. तेव्हापासून माल बुक करताना मी चिठ्ठी नंतर वाचायचो. आधी उचलून आणणाऱ्याला विचारायचो.