नूरबीचं कोरं कापड
पोरगी निळी पडत चालली होती आणि घरात पांढरं कापड नव्हतं. भर दुपार. नवरा फादरना आणायला अकोल्याला गेलेला, म्हणजे उद्याशिवाय येत नाही. मंगरूळपीरच्या त्या खोलीत मी दोन दिवसांची बाळंतीण, मांडीवर लेकरू, आणि शेजारची नूरबी, शिंप्याची बायको. तीन आठवड्यांपूर्वी नूरबी गेली. निरोप आला तेव्हा मला आधी ती दुपारच आठवली...

फादरनी शिकवलं होतं, की लेकरू जाईलसं वाटलं तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. बाप्तिस्म्याला पांढरं घालतात, नवा जन्म, नवं वस्त्र, हेही त्यांनीच सांगितलं होतं. मी चौथी शिकलेली. दोन्ही गोष्टींची मी गाठ मारली: पांढरं नाही तर बाप्तिस्मा नाही, आणि पोरगी देवाच्या दाराबाहेर राहणार. घरात पांढरं नव्हतं ते सासूमुळे. तीही ख्रिस्ती झालेली, पण माझ्या लग्नात फादर पांढरी साडी म्हणाले तेव्हा ओट्यावर बसून ओरडली होती, "पांढरं नेसून येतं काय? माह्या पोराच्या मरणाची वाट पाहून राह्यली काय?" मी लाल लुगड्यात वेदीपुढे उभी राहिले.

"नूरबी, पांढरं पाह्यजे."

"कायले?"

"इचारू नको वो, आण!"

तिच्या नवऱ्याच्या दुकानात त्या दिवशी नुसती रंगीत छिटं होती. ती घरी गेली, कात्री आणि कोरं कापड घेऊन आली. माझ्यासमोर बसून कापलं, चार टाके घातले. मी लोट्यातलं पाणी पोरीच्या डोक्यावर तीनदा ओतलं, शब्द म्हटले. नाव मरियम ठेवलं; ते आम्हां दोघींनाही चालत होतं. झबलं चढवताना अत्तराचा वास आला.

"हे कायचं कापड हाय?"

"कोरं हाय. कोनं नेसलं नाही."

"कफनाचं ना?"

तिनं मान डोलावली. भावानं हजहून आणलेलं, झमझमच्या पाण्यात भिजवलेलं, पेटीच्या तळाशी स्वतःसाठी जपलेलं ते कापड होतं. मी तिला नको नको ते बोलले. माझ्या लेकराला मढ्याचं कापड घातलंस म्हणाले. ती उठून गेली नाही. दिवस मावळेपर्यंत पोरीचे तळवे चोळत बसली.

दुसऱ्या दिवशी फादर आले. पोरगी दूध ओढत होती. सगळं ऐकून ते म्हणाले, "पाणी पुरे होतं, बाई. कापडाशिवायही चाललं असतं." मी खालमानेनं नूरबीकडे गेले.

"आता तुह्यं कापड कमी पडंल."

"पडू दे. मी बुटकी हावो," ती म्हणाली आणि हसत सुटली. "आन तुह्या फादरले म्हण, असं काही असंल तर कापाच्या आधी सांगत जाय."

पांढऱ्याचा अर्थ मी फादरकडून ऐकला होता, सासूकडूनही ऐकला होता. कळला तो नूरबीमुळे. देवापुढे जाताना कोरं असावं म्हणून तिनं ते जपलं होतं. माझी पोरगी आधी निघालीसं वाटलं, तर तिनं ते पोरीला दिलं. पुढे मरियमचा पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा तिनंच शिवला. लग्नाच्या पांढऱ्या साडीवरचं पोलकंही तिचंच. तेव्हा म्हातारी सासू तोंड उघडणार, तोच नूरबी म्हणाली, "बोलू नका मावशी. ह्या पोरीनं कफनाचं पांढरं दुसऱ्याच दिवशी जिरवलं." सासू गप्प बसली. मी तिला गप्प बसलेलं तेवढंच पाहिलं.

नूरबीला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायांना मी विचारलं, कापड पुरलं का. "पुरलं," त्या म्हणाल्या. खरंच बुटकी होती ती.

झबलं माझ्या पेटीत आहे. मरियमच्या दोन्ही पोरांचे बाप्तिस्मे त्यातच झाले. माझ्या बाळंतपणाच्या हळदीचा डाग त्यावर आहे, किती धुतला तरी जात नाही.

त्या दुपारी खोलीत आम्ही तिघी होतो. नूरबी गेली. मी आहे. मरियम पस्तीस वर्षांची आहे.