तळ्यावरचे मामाजी

माझी ताई लग्नानंतर म्हैसूरच्या पलीकडे, जंगलाच्या अगदी कडेला राहायला गेली. भाऊजी नागपूरच्या एका लाकूड व्यापाऱ्याकडे नोकरीला होते. तिकडची शिसवी लाकडं विकत घेऊन पाठवायच्या कामावर मालकानं त्यांना कायमचं नेमलं होतं. मी नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सक्करदऱ्याला आई आणि मी, अशा दोघीच राहायचो. आई गेली आणि मी एकटी उरले, तेव्हा ताईनं निरोप पाठवला, "रजा काढ अन् ये. इथं मलेही बोलाले कोणी नाही."

गाड्या बदलत, मग बसनं, मग भाऊजींच्या जीपनं मी तिथं पोचले. लाकडाच्या डेपोला लागून त्यांचं कौलारू घर होतं. मागच्या ओसरीतून उतार दिसायचा, उताराखाली तळं, आणि तळ्याच्या पलीकडे लगेच जंगल. ताईला तिथली भाषा येत नव्हती. मूलबाळ नव्हतं. भाऊजी सकाळी जे जायचे ते दिवस कलताना परत यायचे. दिवसभर ती ओसरीत बसून तांदूळ निवडायची, शिवण करायची आणि तळ्याकडे बघायची. त्या बघण्यातूनच ती हत्ती ओळखायला शिकली होती.

दुसऱ्या दिवशी दुपार उतरल्यावर तिनं माझ्या दंडाला धरून मला उठवलं.

"चाल लवकर. मामाजी आले."

मला वाटलं, मामाजी म्हणजे तिचे सासरेच गावाहून आले. मी केस सावरत ओसरीत गेले. पाण्याच्या पलीकडच्या काठावर एक हत्ती उभा होता. एकटाच. एवढे मोठे सुळे मी कधी पाहिले नव्हते. खाली उतरत पुढे वळलेले, आणि टोकाशी एकमेकांवर येऊन जवळजवळ फुली झालेली. तो पाण्यात उतरला नाही. नुसता उभा राहिला. मधेच त्यानं सोंड उचलून एका सुळ्यावर ठेवली, दमलेला माणूस खुर्चीच्या हातावर हात टाकतो तशी.

"मामाजीच म्हणते मी त्याइले," ताई म्हणाली. "आंगणात येऊन उभे राह्यते, बोलत नाही, जात बी नाही. मले तं डोक्यावर पदर घ्यावासा वाटते." आणि तिनं खरंच पदर घेतला. आम्ही दोघी तोंडावर हात दाबून हसलो. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

दोन-चार दिवसांनी मी एकटीच ओसरीत होते आणि तळ्यावर मोठ्या सुळ्यांचा हत्ती आला. मी आत ओरडले, "ताई, मामाजी!" ती हात पुसत आली, दुर्बीण डोळ्याला लावली आणि म्हणाली, "हट्. हे तं भासरे होय." भासरे म्हणजे मोठे दीर. दुसऱ्या एका नराला तिनं ते नातं देऊन टाकलं होतं. त्याचे सुळे सरळ होते म्हणे. मला बाजूनं काही फरक दिसेना.

"अवं, दाताकडे नको पाहू. चिखलानं भरले का सगळ्याइचे सारखेच दिसते. अन् आज हायेत, उद्या मोडले तं? कान पाह्य."

मग तिनं मला कान दाखवले. वय झालं की हत्तीच्या कानाची वरची कड पुढे मुडपते. मामाजींची बरीच मुडपली होती, भासऱ्यांची कमी. मामाजींच्या उजव्या कानाला खालच्या बाजूला एक भोक होतं. उन्हात कान हलला की त्यातून पलीकडचा उजेड दिसायचा. सोंडेच्या मुळाशी आणि कानांच्या कडेला गुलाबी ठिपके होते. भासऱ्यांचा डावा कान कडेला फाटलेला होता आणि शेपटीला केस जवळजवळ नव्हतेच. रजा संपेपर्यंत मला दोघंही ओळखू यायला लागले. चालण्यावरूनसुद्धा. भासरे तरातरा पाण्यात शिरायचे, मामाजी आधी उभे राहायचे.

त्यानंतर दर उन्हाळ्यात मी जाऊ लागले. एक्स्चेंजमधल्या बायकांना कळेना, मी रजा घेऊन त्या रानात काय करते. "हत्तीच पाहायचा तर कस्तूरचंद पार्कवर सर्कस येते की," एक जण म्हणाली. मी हसून सोडून दिलं. समजावून सांगायला गेले असते तर मलाच ते वेडेपणाचं वाटलं असतं.

एका पावसाळ्यात ताईला कावीळ झाली. भाऊजींनी तिला जीपमध्ये घालून म्हैसूरच्या दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. घरी तिचं अर्धवट शिवलेलं पोलकं मशीनला तसंच लागलेलं होतं, सुई खाली उतरवलेली. मी ते काढलं नाही, भाऊजींनीही नाही. भाऊजी आणि मी समोरासमोर बसून जेवलो आणि दोघांनाही एकमेकांशी काय बोलावं ते सुचलं नाही. आमच्यातलं सगळं बोलणं आजवर तीच बोलत आली होती.

मी परत आले. दिवसभर हेडफोन लावून मी दुसऱ्यांचे आवाज जोडून द्यायची आणि घरी आल्यावर माझ्या स्वतःच्या तोंडून शब्द निघायचा नाही. संध्याकाळी सक्करदरा तलावावर जाऊन बसायची. तिथं म्हशी पाण्यात डुंबत असायच्या. त्यांचेही कान मी बघत बसायची.

पुढच्या उन्हाळ्याआधी एका दुपारी शेजारच्या बोर्डवरची मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझाच ट्रंक कॉल आहे. म्हैसूरकडून." मी घाबरून घेतला. लांबून, खरखरीतून भाऊजींचा आवाज आला.

"मी बोलून राहिलो. सगळं ठीक आहे. ते... मामाजी आले काल."

"बरं."

"ती मले सांगे, तसं वाटलं तुम्हाले सांगावं."

"कसे आहेत?"

"हायेत. माजावर आले वाटते. कानापुढून मद गळून राहिला होता."

एवढंच. त्यांनी फोन ठेवला. मी पुढचा कॉल जोडला. पण त्या दिवशी घरी जाताना मी रजेचा अर्ज देऊन गेले.

मग मी पुन्हा जायला लागले. ओसरीत दोन खुर्च्या असायच्या, मध्ये दुर्बीण. भाऊजी कामावरून लवकर यायचे. हत्ती आले तर आम्ही बोलायचो, न आले तर नाही. कुठला नर कुठल्या बाजूनं आला, कोणाच्या अंगावर नवीन ओरखडा आहे, सोबत कोवळा नर होता का. भाऊजींना कान नीट ओळखता येत नव्हते. ताई असताना त्यांनी कधी लक्षच दिलं नव्हतं. आता ते माझ्याकडून शिकत होते, आणि मी सांगताना ताईचीच वाक्यं बोलते आहे हे दोघांनाही कळत होतं.

नागपुरात महाल भागातल्या मावशीला हे जाणं-येणं खटकत होतं. "जायचंच आहे तं लग्न करून जा," ती मला म्हणाली. "मेहुणीशी लग्न काही जगावेगळं नाही. तोही एकटा, तूही एकटी. लोकाइचं तोंड तरी बंद होईन." मी ते हसण्यावारी नेलं, तर तिनं भाऊजींच्या भावाकडे विषय काढला.

त्या वर्षी मी गेले तेव्हा भाऊजी नजर टाळत होते. मामाजी तळ्यावर होते, सुळ्यावर सोंड ठेवून. भाऊजींनी दुर्बीण माझ्या हातात दिली आणि तळ्याकडे बघतच म्हणाले,

"मावशीनं विषय काढला. तुमच्या कानावर आलं असन."

"आलं."

"तुमचं काय म्हणणं हाये?"

मी दुर्बीण खाली केली नाही. "भाऊजी, मी इथं येते ती..." वाक्य पुढे जाईना. ताईसाठी, असं म्हणायचं होतं. मामाजींसाठी, असंही. त्यांच्यासाठी नक्कीच नाही, हे कसं म्हणायचं?

"नाही न?" ते म्हणाले.

"नाही."

"मलेही नाही वाटत." त्यांनी मोठा श्वास सोडला. "तुम्ही बोलता तं मले तिचाच आवाज येते. तसं घरात नाही राहता येणार मले."

आम्ही दोघंही मोकळे झालो. चहा केला, प्यायलो. पण काहीतरी बंदही झालं त्या संध्याकाळी. लोक जे बोलत होते ते आम्ही एकदा तोंडानं बोललो होतो, आणि त्यानंतर ओसरीतल्या त्या दोन खुर्च्यांवर सहज बसता येईना. रजा संपायच्या आधीच मी निघाले. पुढच्या वर्षी गेले नाही.

तेव्हा त्या भागात हस्तिदंतासाठी नर मारले जाऊ लागले होते. एका सकाळी ड्यूटीवर असताना पुन्हा त्यांचा कॉल आला. आवाज चढलेला होता.

"तळ्याच्या वरच्या अंगाले एक नर मारून टाकला. दात कापून नेले, अख्खं तोंडच फोडलं. मोठा नर हाये. मी पाहून आलो, पण मले समजून नाही राहिलं."

"कान पाहिले?"

"पाहिले."

"उजव्या कानाला भोक आहे का?"

"उजवा कान खाली दबला. त्या कुशीवरच पडला तो."

"मग डावा? कडेला फाटला आहे का? आणि शेपटीचे केस?"

खरखर वाढली, मी दोन्ही प्रश्न पुन्हा विचारले.

"फाटला हाये," ते म्हणाले. "अन् शेपटीले केस नाही."

"भासरे," मी म्हणाले, आणि माझ्या तोंडून "बरं झालं" निघून गेलं. लगेच मी तोंडावर हात ठेवला. शेजारची मैत्रीण म्हणाली, "कोण गेलं गं?" मी म्हणाले, "नात्यातले." त्या दिवशी डबा तसाच परत नेला. तरातरा पाण्यात शिरणारे भासरे सारखे डोळ्यांसमोर येत होते. त्यांच्याकडे ताईनंही आणि मीही कधी मन लावून पाहिलं नव्हतं.

पुढे भाऊजींच्या मालकानं तिकडचं काम बंद केलं. भाऊजी काटोलकडे आपल्या गावी परतले, संत्र्याची बाग बघू लागले आणि त्यांनी दुसरं लग्न केलं. मला बोलावणं आलं होतं. मी गेले, जेवले आणि त्याच दिवशी परत आले.

मामाजींचं काय झालं ते कळायला आता कुणी नव्हतं. काही वर्षं तशीच काढली, मग एका उन्हाळ्यात मी एकटीच गेले. जंगल खात्याच्या विश्रामगृहात खोली मिळाली, भाड्याची जीप केली. ताईचं घर पडलं होतं. तळं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ मी काठाच्या या बाजूला बसायची. माद्या पिल्लं घेऊन यायच्या, बिनसुळ्यांचा एक नर यायचा, एक-दोन कोवळे. मोठ्या सुळ्यांचा एकही नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, ऊन चढल्यावर, पलीकडे एक म्हातारा नर येऊन उभा राहिला. पाठीचा कणा वर आलेला, गालफडं बसलेली. डावा सुळा अर्ध्यातून मोडलेला. उजवा लांब होता, पण एकच असल्यावर फुली कशी होणार! उजव्या कानाला भोक नव्हतं. तिथं कडेपर्यंत चीर गेली होती. भोकच वाढून फाटलं असेल का? की ही चीर आधीपासूनचीच आणि हा दुसराच कोणी? गुलाबी ठिपके कानभर पसरले होते, पण म्हातारपणी ते सगळ्यांचेच पसरतात. मी डोळे दुखेपर्यंत पाहिलं. जीपवाला हिंदीत म्हणाला, "मॅडम, चला, हा एकटा आहे, तापट असतो." मी त्याला विचारलं, "तू याला आधी पाहिलंयस?" तो म्हणाला, सगळे सारखेच दिसतात. तो हत्ती पाण्यात न उतरताच झाडीत निघून गेला.

ज्यांच्याशी पडताळून पाहावं अशी दोनच माणसं होती, आणि त्यातलं एकच जिवंत होतं. नागपूरला उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मी काटोलची एस.टी. धरली.

भाऊजी बागेत होते. त्यांच्या बायकोनं मला पाट दिला, पाणी दिलं. "बसा वं बाई, चिवडा करतो मी," म्हणाली आणि आम्हाला ओसरीत सोडून आत गेली. मी सगळं सांगितलं. भाऊजी मान खाली घालून ऐकत होते. मधेच म्हणाले, "उभा राह्यला न आधी?"

"उभा राहिला. उतरलाच नाही."

"मग तोच."

"चीर आहे, भाऊजी. भोक नाही. मला नक्की सांगता येत नाही."

"तिले आलं असतं सांगता," ते म्हणाले. मग मान वर करून, "ती नाही, तं आपण दोघं म्हणू. तोच होय."

आतून फोडणीचा वास आला. चिवडा खाल्ला, संत्र्यांची पिशवी घेतली, नको नको म्हणत असताना. भाऊजी स्टँडपर्यंत आले. गाडीला उशीर होता. आम्ही कडुलिंबाखाली उभे राहिलो. बोलण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, पण ते थांबले. गाडी आली तेव्हा त्यांनी पिशवी खिडकीतून आत दिली, आणि कंडक्टरनं घंटा देईपर्यंत माझ्या खिडकीच्या गजावर हात ठेवून उभे राहिले.