हळद लागलेलं अंडं

वैशाखस्नानाचं पुण्य किती साठतं ते देव जाणे, गोष्टी मात्र घागरीतून सांडाव्यात इतक्या साठतात. मेहकरला यमुनाकाकू, सखूबाई आणि मी पहाटे पैनगंगेवर जायचो. एका साली चौथी मिळाली, नदीतल्या बेटावरची टिटवी.

ओळख अशी झाली. रोज बेटावरचा एक गोटा देव म्हणून पुजायचा, हा काकूंचा नेम. एकदा त्यांनी हळदीचं बोट लावून हात जोडले, तोच सखूबाई म्हणाली, "काकू, थो गोटा नाई, अंडं हाये!"

चार होती, हुबेहूब गोट्यांसारखी. काकूंनी विटाळ म्हणून पुन्हा आंघोळ केली. मग म्हणाल्या, "पुजलं ते पुजलं. आता त्याची काळजी आपली."

*

एकदा धुणं धुता धुता दुपार झाली. वाळू भाजत होती. टिटवी पाण्यात बसली, पोट भिजवलं आणि तुरुतुरु जाऊन अंड्यांवर बसली. पुन्हा आली, पुन्हा भिजली.

सखूबाई बघत राहिली. "आपन पाळन्यावर ओला पदर टाकतो. तिच्यापाशी पदर नाई, तं पोटच भिजवते माय."

*

एक कुत्रं पोहून बेटावर चढलं. टिटवी पंख ओढत लंगडू लागली. मी घाबरून मारुतीला नारळ बोलले. कुत्रं तिच्यामागे दूर गेलं, तशी ती टिवटिव करत उडाली.

"तिचा पंख तं धड हाये. आता नवस कोन फेडीन वं?" सखूबाई हसली.

मीच फेडला.

*

पुढे पाणी आटलं. बेट काठाला जोडलं गेलं, वाळूवर रोज कुत्र्यांचे पंजे दिसू लागले. काकूंनी नवा नेम दिला. आंघोळीआधी प्रत्येकीने वीस घागरी वाळू उपसायची, बेट आणि काठाच्या मधे पाणी खेळवायचं.

काठावरच्या बायका म्हणाल्या, "काऊन वं, नदी खोदून राह्यल्या?"

"टिटवीने समुद्र आटवला म्हणतात," काकू म्हणाल्या. "आपण तिला चार हात पाणी देऊ."

*

पौर्णिमेला तीन पिल्लं निघाली. हळदीचं अंडं तसंच राहिलं. काकूंचा चेहरा उतरला. "माझाच हात लागला त्याला. ते निघेपर्यंत माझं उद्यापन नाही."

वैशाखस्नान संपलं, तरी दुसऱ्या पहाटे आम्ही गेलो. टिटवी ओरडली, तशी वाळूत पळणारी पिल्लं जागीच गोटे होऊन बसली. सखूबाईने मोजली. चार.

टिटवीने लांब नेऊन टाकलेलं टरफल काकूंना सापडलं. पिवळा डाग अजून होता. त्यांनी त्यावर बोट टेकवलं, तेच कपाळाला लावलं, आणि पुन्हा आंघोळ न करता घरी आल्या.