रोबो वर येईपर्यंत

रोबोला पाण्यात सोडताना ती त्याच्या पिवळ्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, "जा बाळा, वास घेऊन ये."

वास म्हणजे गॅसचा. समुद्राच्या तळातून कुठेकुठे तेल नि गॅस आपोआप झिरपत असतो. तो शोधायला आमची कंपनी हे पाणबुडे रोबो पाठवते. खलाशी तिची मस्करी करायचे, "मॅडम, टिफिन दिया क्या इसको?" ती म्हणायची, "दिया ना, बॅटरी फुल है."

अशी सगळ्यांना आवडणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती त्यांतलीच. मला मात्र आवडत नव्हती. आम्ही एकाच वर्षी लागलो. ती पूनम सागर सोसायटीत राहायची, मी जवळच्याच इंद्रलोकमध्ये. साहेब माझ्यासमोर तिलाच विचारायचे, "तुला काय वाटतं?" आणि माझ्या पोटात दुखायला लागायचं.

त्या फेरीत ती म्हणाली, "रोबो इतक्या वरून नेऊन काय मिळणार? बुडबुडे वर येईपर्यंत विरतात. तळाला चिकटून नेऊ या."

"खाली तुटलेली जाळी पडलेली असतात. अडकला तर?"

"तर मी घरी बसते," ती हसून म्हणाली. साहेबांनी तिचंच ऐकलं.

रोबो वेळेवर वर आला नाही. ती बोटीचा कठडा धरून उभी. मीही शेजारी जाऊन उभा राहिलो. सगळ्यांना वाटलं, सोबत करतोय. आज सांगून टाकतो, मला बरं वाटत होतं. तो बुडावा, ती खरंच घरी बसावी, तिची जागा मला मिळावी, एवढंच मी पाण्याकडे बघत मागत होतो.

तो आला. शेपटीला जाळ्याचा तुकडा, आणि तळातून उठणाऱ्या बुडबुड्यांची रांगच्या रांग रेकॉर्ड करून. तिने माझा हात घट्ट धरला. "तू होतास म्हणून उभी राहू शकले रे."

पुढे तिला पूर्व किनाऱ्यावर स्वतःची टीम मिळाली. पहिला फोन मला. "तू चल ना. तुझ्यासारखा काळजी करणारा माणूस हवाय मला."

तिच्या हाताखाली? मी म्हणालो, "आईला बरं नाही गं. सोडून कसा येऊ?"

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ती मात्र अजून रविवारी फोन करते. "काकू कशा आहेत रे?"

"आहे तशीच," मी म्हणतो.

स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता आई खणखणीत आवाजात विचारते, "कोणाचा रे फोन?"

मी दार लोटून घेतो.