काचेमागची डांगरी

"अरे, डांगरी कुठाय? माझ्या माणसाची डांगरी कुठाय?"

टाउन हॉलच्या छताला तडा जावा असा तो आवाज होता. हबीबगंज स्टेशनात थांबलेली गाडी तो ऐकूनच सुटली असेल, पैजेवर सांगतो! ओरडत होती ती नागपूरकडची म्हातारी. तिचं नाव मला आजही ठाऊक नाही. आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधला जुना टाउन हॉल संग्रहालय झाला, तेव्हापासून मी तिथे रोज कूलरची हवा खायला जायचो आणि ती नवऱ्याची कामावरची निळी डांगरी बघायला. पदराने काच पुसायची, मान वाकडी करून खिसा निरखायची आणि मगच पिशवी उचलून भाजीला जायची.

एकदा मी विचारलं होतं, "आजी, घरीच का नाही ठेवली?"

"सून एखाद्या वाटीच्या बदल्यात भांडेवालीला देऊन टाकील ना बाप्पा! खिशावर त्यांचा ग्रीसचा पंजा उमटलाय. ते गेले तेव्हापासून मी पाण्याचा थेंब लागू दिला नाही तिला. इथं सरकारी कुलपात कोण हात लावते, भाऊ?"

त्या दिवशी त्या काचेच्या कपाटात नुसता हँगर लटकत होता. दहा हत्तींचं बळ आल्यासारखी ती कपाट हलवत होती. चोरी झाली असेल तर पोलीस शोधून आणतील, असं काहीतरी मी पुटपुटलो.

रखवालदार चहाचा कप घेऊन सावकाश आला.

"चिल्लाओ मत, अम्मा. कल बड़े साहब आ रहे हैं. बहुत मैली थी, धुलने दी है."