रविवारी सातला गप्प बसणारी माणसं

गप्प बसायला जमणाऱ्या माणसांकडं सांगण्यासारखं एवढं साठतं, हे मला आमचा रविवारचा वर्ग सुरू होईपर्यंत ठाऊक नव्हतं. ध्यान चाळीस मिनिटांचं आणि त्यानंतरचा चहा दीड तासाचा. चाळीस मिनिटं तोंड बंद ठेवलेला कोल्हापूरकर त्याची भरपाई केल्याशिवाय घरी जात नाही. पाच वर्षांत एवढं ऐकलंय, एवढं पाहिलंय, की थोडं तरी सांगून टाकलेलं बरं. ज्यांच्याबद्दल सांगतेय त्यांना विचारलंय. अण्णा पाटलांची तर अट होती, "माझं जरा मोठ्या अक्षरात घाला."

मी मानसशास्त्राची. राजारामपुरीत माझं समुपदेशनाचं छोटंसं क्लिनिक आहे. दारावर मी 'माइंडफुलनेस : आठ आठवड्यांचा कोर्स' असा बोर्ड लावला, त्याला चार दिवस झाले असतील. सत्तरीकडं झुकलेले एक गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. निवृत्त प्राथमिक शिक्षक, कांबळे सर. माझं माहितीपत्रक त्यांनी चष्मा वर-खाली करत पूर्ण वाचलं. परीक्षेचा पेपर तपासावा तसं.

"मॅडम, ही आमची आनापान हाय की," ते म्हणाले. "येणारा श्वास बघायचा, जाणारा श्वास बघायचा. फक्त पॅकिंग नवीन दिसतंय."

मी प्रामाणिकपणे कबूल केलं, की हो, मूळ बुद्धाच्या शिकवणीतलंच. मानसशास्त्रानं त्यातला धार्मिक भाग बाजूला ठेवला, ताण आणि चिंतेवर काय उपयोग होतो ते तपासलं आणि आठ आठवड्यांत बसवलं.

"आठ आठवड्यांत?" सर कौतुकानं म्हणाले. "मी तीस वर्षं बसतोय. अजून पहिल्याच आठवड्यात हाय."

जाताना म्हणाले, "आमच्या विहाराचा हॉल रविवारी सकाळी मोकळा असतो. तुम्ही शास्त्र सांगा, मी नुसतं बसून दाखवतो." वर्ग सुरू झाला तो असा.

*

अण्णा पाटील आले ते हृदयाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. चार म्हशी, दोन एकर ऊस, आणि रक्तदाब असा की डॉक्टरांनी यंत्र बदलून परत मोजला. पहिल्या रविवारी ते विहाराच्या दारातच थांबले. हातात काढलेल्या चपला, नजर आतल्या बुद्धमूर्तीवर. त्यांच्या गावात विहार होता, पण साठ वर्षांत ते त्याची पायरी चढले नव्हते. तसं कुणी अडवलं नव्हतं. तसं कुणी बोलावलंही नव्हतं.

"आत यायचं हाय व्हय?" त्यांनी मला विचारलं.

उत्तर कांबळे सरांनी दिलं. "या की पावणं. चपला आतच घ्या. बाहेर कुत्रं पळवतंय."

अण्णा आत आले आणि चपला मांडीखाली घेऊन बसले. पुढच्या रविवारी चहासाठी दोन लिटर दूध घेऊन आले. त्यानंतर आम्ही दूध कधी विकत आणलं नाही.

बसायला मात्र त्यांना जमेना. मी सगळ्यांना सांगितलं होतं, विचार आला तर त्याला धरायचं नाही, ढकलायचं नाही, फक्त एका शब्दात नाव द्यायचं. भावनेला नाव दिलं की तिची धार थोडी कमी होते, हे आम्ही अभ्यासात शिकतो. हॉलमध्ये पूर्ण शांतता. दोन मिनिटांनी मागून खणखणीत आवाज आला, "म्हस."

थोड्या वेळानं, "ऊस."

मग, "म्हस." मग, "धाकटा." मग, "धाकटा." मग जरा चढ्या आवाजात, "धाकटा."

"अण्णा," सर डोळे मिटूनच म्हणाले, "मनातल्या मनात."

चहाच्या वेळी अण्णा विचारात पडलेले दिसले. म्हणाले, "मॅडम, मला वाटत होतं, मला शंभर गोष्टींचा राग येतोय. आज मोजलं. एकच हाय."

*

ती एक गोष्ट म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. बांधावरून वाद. दर नांगरटीला बांध दोन बोटं सरकतो, असं अण्णांचं म्हणणं. घराला घर लागून, पण अकरा वर्षं बोलणं नाही.

ध्यानाच्या शेवटी कांबळे सर मैत्रीभावना घेतात. सगळ्यांचं मंगल होवो, सगळे सुखी होवोत, असं मनात म्हणायचं. अण्णांनी हात वर केला. "सगळ्यांचं होऊ दे. एक सोडून."

मला वाटलं, सर आता करुणेवर काहीतरी बोलतील. सर म्हणाले, "बरं. एक सोडून. त्याच्याकडं म्हशी किती हायत?"

"तीन."

"त्यांच्याशी भांडण हाय?"

"म्हशीशी कशाला भांडण?"

"मग या आठवड्यात त्याच्या म्हशींचं मंगल होवो म्हणा."

मला आमची उपचाराची रीत आठवली. एखाद्याला लिफ्टची भीती असेल तर आम्ही त्याला पहिल्या दिवशी लिफ्टमध्ये कोंबत नाही. आधी लांबून लिफ्ट बघायची, मग दाराशी उभं राहायचं, मग एक मजला. सरांनी आमचं पुस्तक उघडलेलं नव्हतं, पण पायऱ्या अगदी त्याच. पहिला आठवडा म्हशी. दुसरा आठवडा भावाची नात. ती अण्णांना लपूनछपून आज्जा म्हणायची, त्यामुळं तो सोपा गेला. तिसऱ्या आठवड्यात भावजय. "जरा जड गेलं," अण्णांनी अहवाल दिला, "पण केलं."

चौथ्या रविवारी अण्णा आलेच नाहीत. पाचव्या रविवारी आले, दूध ठेवलं, ध्यानाला बसले. चहाला मी विचारलं.

"धाकट्याची म्हस अडली होती," ते म्हणाले. "रेडकू आडवं. डॉक्टर यायला वेळ लागणार. ती वरडत होती, मला बसवंना. गेलो. म्हशीसाठी गेलतो, त्याच्यासाठी न्हाय."

"मग?"

"रेडकू सरळ केलं, काढलं. रेडी हाय. झ्याक हाय."

"आणि भाऊ?"

"त्यानं हात धुवायला पाणी दिलं. मग चहा दिला."

"काही बोललात की नाही?"

अण्णांनी कप खाली ठेवला. "बोललो की. साखर कमी हाय म्हणलो."

अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. बांध अजून आहे तिथंच आहे, पण मोजणीचा अर्ज द्यायला दोघं मिळून गेले, आणि येताना एकाच गाडीवरून आले.

*

रुक्मिणी सिस्टर मूळच्या चंदगडकडच्या. दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, निवृत्त झाल्या. वर्गात त्या पहिल्या रांगेत भिंतीला टेकून बसत आणि तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागत. हलकं नाही. अगदी तालात.

दोन रविवार मी सोडून दिलं. तिसऱ्या रविवारी सरांना म्हटलं, "त्यांना सांगायला हवं. ध्यान म्हणजे झोप नव्हे. बाकीच्यांनाही त्रास होतो."

सर म्हणाले, "त्यांच्या घरी काय हाय, तुम्हाला ठाऊक हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. माणसाच्या घरी काय आहे हे विचारण्याचीच फी मी घेते, आणि इथं विचारलं नव्हतं. सिस्टरांच्या यजमानांना अर्धांगवायू झाला होता. दर दोन तासांनी कूस बदलायची, औषध, अंथरूण. दीड वर्ष त्या सलग झोपल्या नव्हत्या. रविवारी शेजारीण तासभर यजमानांपाशी बसायची, तेवढ्यात त्या इथं येत.

"आठवड्यातनं चाळीस मिनिटं त्यांना कुणी हाक मारत न्हाय," सर म्हणाले. "झोपू दे. आवाजाचं काय, तो पण श्वासच हाय. आपण तोच बघू."

मग आम्ही तोच बघायला लागलो. सगळा वर्ग त्या घोरण्यावर लक्ष ठेवून शांत व्हायला शिकला.

काही महिन्यांनी त्यांची मुलगी बदली घेऊन कोल्हापुरात आली आणि रात्रीचं आईबरोबर वाटून घेतलं. त्या रविवारी सिस्टर पूर्ण चाळीस मिनिटं ताठ, जाग्या बसल्या. चेहरा धुतल्यासारखा. आम्हा सगळ्यांना फार बरं वाटलं.

फक्त अण्णा कुरकुरत होते. "आज काय ध्यान लागलं न्हाय. घोरणंच नव्हतं."

*

सागर शिवाजी पेठेतला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. पेठेच्या फुटबॉल सामन्याला छातीवर हात मारून ओरडणारा गडी, पण एके दिवशी मशीनसमोर उभ्या-उभ्या छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले, आता आपण मरणार असं वाटलं. तीनदा ईसीजी काढला, तिन्ही वेळा हृदय ठणठणीत. तो पॅनिक अटॅक होता.

मी त्याला समजावून सांगितलं, की मेंदूत धोक्याची एक घंटा असते. वाघ आला तर ती वाजायला हवी. तुझी वाघ नसतानाच वाजते. तिला बंद करायला धडपडू नकोस, पळू नकोस. बस, श्वास बघ, 'घंटा वाजतेय, जाईल' असं म्हण. लाट येते तशी उतरते.

सागरनं मनापासून सराव केला. महिन्याभरानं येऊन म्हणाला, "मॅडम, जमलं. पण एक लफडं झालं."

कारखान्यात आगीची घंटा वाजली. खरोखरची, भिंतीवरची. सातशे माणसं बाहेर मैदानात पळाली. सागर आपल्या खुर्चीत बसला. डोळे मिटले. म्हणाला, घंटा वाजतेय, जाईल.

बाहेर मोजणी झाली, एक माणूस कमी. सेफ्टी ऑफिसर हेल्मेट सावरत धावत आत आला, तर हा शांत. "सागर, बाहेर का न्हाय आलास?"

"मी घंटेकडं नुसतं बघत होतो, साहेब."

नशीब, तो सराव होता. आग नव्हती. साहेबांनी त्याला लेखी खुलासा मागितला, आणि त्यानं तो माझ्याकडून लिहून घेतला. तेव्हापासून माझ्या भाषणात एक वाक्य वाढलंय : भिंतीवरची घंटा वाजली तर आधी पळायचं, श्वास मैदानात जाऊन बघायचा.

*

एकदा कॉलेजच्या मुली प्रश्नावली घेऊन आल्या. एमएचा प्रोजेक्ट होता, विषय 'ध्यान आणि सजगता', आणि गाईड मीच, कारण त्या कॉलेजात मी आठवड्याला दोन तास शिकवते. साधे प्रश्न. "जेवताना माझं लक्ष जेवणावर असतं." "मी भान न ठेवता कामं उरकतो." एक ते पाच यांतला आकडा निवडायचा, उलट्या वाक्यांचे गुण उलटे धरायचे. जितके गुण जास्त, तितका माणूस सजग.

चहा होईपर्यंत मुलींनी बेरजा केल्या आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी एकजण माझ्या कानाशी आली. "मॅडम, काहीतरी चुकलंय. सागरदादांना जवळजवळ पैकीच्या पैकी आहेत. आणि कांबळे सर वर्गात सगळ्यात शेवटचे."

सरांनी ते ऐकलं. त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही.

"बरोबर हाय की, बाळ," ते म्हणाले. "जेवताना माझं मन दहादा पळतं. मी दहाही वेळा बघतो. सागरचं शंभरदा पळत असंल, पण त्याला अजून दिसलेलं न्हाय."

मुलीनं मला विचारलं, "मॅडम, हे प्रोजेक्टमध्ये कसं लिहायचं?"

मी म्हटलं, "हाच तुझा प्रोजेक्ट आहे."

सागर मात्र महिनाभर सगळ्यांना सांगत होता, की वर्गात पहिला आपण आलो.

*

कांबळे सर आता बरे आहेत, मागच्या रविवारी नेहमीच्या जागी बसले होते, म्हणून हेही सांगते.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासणीत तीन ठिकाणी अडथळा निघाला, बायपास ठरली. मुलगा पुण्याहून निघाला होता, अजून वाटेत होता. कांबळेकाकू बाहेर कागदांवर सह्या करत होत्या. त्यांचा मला फोन आला. "सर तुम्हाला बोलवायलेत. आत न्यायच्या आधी या."

दवाखान्याच्या ज्या मजल्यावर मी पोचले, त्याच मजल्यावर, वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या वर्षी, मी माझ्या वडिलांना घेऊन आले होते. परतताना एकटीच होते. त्यानंतर त्या जिन्याला माझा पाय लागला नव्हता. हे मी सरांना कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

सर स्ट्रेचरवर होते. अंगावर हिरवा झगा, चष्मा काढलेला, त्यामुळं चेहरा अनोळखी वाटत होता. मी जवळ गेले आणि क्लिनिकमध्ये वापरते तो आवाज काढला. सावकाश, मऊ.

"सर, डोळे मिटा. आता फक्त श्वासाकडं लक्ष द्या. येणारा श्वास..."

"दिसतोय, मॅडम," सर म्हणाले. "येणारा दिसतोय, जाणारा दिसतोय. भीती पण दिसतीय. चांगली स्वच्छ दिसतीय. तुम्ही जरा हात धरा."

मी हात धरला. वॉर्डबॉयनं स्ट्रेचरचा ब्रेक काढला आणि आम्ही तिघं त्या लांब बोळातून निघालो. चाकांचा आवाज तेवढा येत होता. ऑपरेशन थिएटरचं दार आलं, तेव्हा सरांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं.

"मॅडम, तुमचा हात थरथरतोय," ते म्हणाले. "श्वास बघा."