दाजींचा गुडघा

श्रीरामपूर ते नेवासा या टापूत आमच्या नात्यागोत्यातल्या कुणालाही गुपचूप आजारी पडता येत नाही, याला एकटे माझे दाजी जबाबदार आहेत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी नोकरी केली, पण ती पोटासाठी. मन लावून त्यांनी आयुष्यात एकच काम केलं, ते म्हणजे आजारी माणसाला भेटायला जाणं. कुणाला सलाईन लागलं, कुणाचा हात मोडला, कुणाचा मोतीबिंदू काढला, की दाजी पायांत चपला सरकवून एसटी स्टँडवर हजर. मुतखडा झालेल्या माणसाला तर ते दोनदा भेटतात, एकदा खडा असताना आणि एकदा पडल्यावर.

गेल्या गेल्या ते फाईल मागतात. एक्सरे असला तर खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघतात आणि नुसतं "हं" म्हणतात. त्या "हं"नं धडधाकट माणसाचंही बीपी वाढतं. मग धीर देणं सुरू होतं. माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा उशाशी बसून त्यांनी मला अपेंडिक्सनं दगावलेल्या लोकांच्या हकिगती तपशीलवार सांगितल्या आणि शेवटी म्हणाले, "तुमचं त्या मानानं लई सोपं हाय, पाव्हनं." तोवर माझी बायको रडायला लागली होती आणि माझ्यासाठी आणलेली मोसंबी ते तिला सोलून देत होते. त्यानंतर कोण कोण येऊन गेलं याची चौकशी झाली. जे आले नव्हते त्यांना दाजींनी तिथूनच एकेक करून फोन लावले आणि माणूस इथं पोट फाडून पडलाय नि तुम्ही घरी कसे, म्हणून खडसावलं. संध्याकाळपर्यंत माझ्या खोलीत एवढी माणसं जमली की नर्सला माझ्यापर्यंत पोचता येईना.

अशा माणसाच्या गुडघ्यातली गादी यंदा फाटली. दुर्बिणीतून छोटंसं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी, असं डॉक्टर म्हणाले आणि तसंच झालं. दवाखाना नगरला होता आणि मी राहतो भिंगारला, त्यामुळे धावपळ माझ्याकडे होती. घरी सोडलं तेव्हा दाजी एक काठी, एक बर्फाची पिशवी आणि आजूबाजूच्या पेशंटांचे मोबाईल नंबर घेऊन निघाले. आता पुढचे काही दिवस श्रीरामपूरच्या घरी जत्रा भरणार, या खात्रीनं मी निर्धास्त झालो.

पुढच्या रविवारी गेलो. दार सताड उघडं होतं. बैठकीच्या खोलीत शेजारून मागून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, टीपॉयवर फाईल, फाईलवर एक्सरे. परीटघडीचा पांढरा सदरा घालून, पाय उशीवर ठेवून दाजी बसले होते. एकटेच. गुडघा चांगला वाकतोय, दुखत नाही, असं त्यांनी मला सांगितलं, पण फाईल काही दाखवली नाही. आत गेलो तर आक्का हळू आवाजात म्हणाली की शेजारीण सोडली तर कुणी म्हणता कुणी फिरकलं नाही. रोज संध्याकाळी ती खुर्च्या उचलून ठेवते आणि सकाळी ते पुन्हा मांडायला लावतात. जेवणही कमी झालंय.

मी बाहेर आलो तेव्हा दाजी रस्त्याकडे बघत होते. म्हणाले, "आपुन जातो म्हनून लोकांनी यावंच, असं काय न्हाई." मला फार वाईट वाटलं, आणि सगळ्या पाहुण्यांचा रागही आला.

तोच राग घेऊन मी परसात जाऊन नेवाशाच्या चुलतभावाला फोन लावला. तो हबकलाच. दाजींचं ऑपरेशन झालंय हे त्याला माहीतच नव्हतं. "आमाला कसं कळनार?" तो म्हणाला, "कुनाला काय झालं की दाजीच सांगत्यात की." आणखी दोघांना लावला, तेच उत्तर; बाकीच्यांना सांगून संध्याकाळी येतो म्हणाले. आक्काला वाटलं मी कळवलं असेल, मला वाटलं आक्कानं. आणि दाजींची मात्र इतकी वर्षं प्रामाणिक समजूत होती की आजारपणाची बातमी आपोआप पसरते, आपण फक्त आळशी लोकांना दटावतो.

मी आत येऊन त्यांना सगळं सरळ सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी टीपॉयवरचा एक्सरे उचलून पुन्हा नीट फाईलवर ठेवला.

"म्हंजी लोक इसरले नव्हते," ते म्हणाले.

"नाही. संध्याकाळी येतायत सगळे."

त्यांचा चेहरा सैल पडला. आक्कानं चहा आणला, तो त्यांनी बशीत ओतून घेतला, पण प्यायले नाहीत.

"मंग पाव्हनं, मी गेल्यावर कोन कळवंल सगळ्यांला?"

आक्का दारातच थबकली. मी म्हणालो, "मी कळवीन, दाजी."

दाजींनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"आत्याबाईला शेवटी लावा," ते म्हणाले. "तिला कमी ऐकू येतंय. आन् एकदा रडाया लागली की फोन ठिवत न्हाई, बाकीचे राहून जात्याल."